चक कूपर : 'एनबीए'चे दार उघडणारा खेळाडू

अमेरिकेतील 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आज बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. १९५० पर्यंत मात्र महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजेच ड्राफ्टमध्ये, एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव पुकारले गेले नव्हते. हा पायंडा २५ एप्रिल १९५० रोजी मोडला गेला. शिकागोतील त्या बैठकीत, दुसऱ्या फेरीत, बॉस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राऊन यांनी चार्ल्स ऊर्फ चक कूपर यांची निवड केली.

कूपर यांचा जन्म २९ सप्टेंबर १९२६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात सेवा बजावून ते ड्युकेन विद्यापीठात दाखल झाले. वर्णभेदाचा चटका त्यांना तेथेच बसला. डिसेंबर १९४६ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या संघाने कूपर मैदानात उतरणार असतील तर सामना खेळण्यास नकार दिला. ड्युकेनने आपल्या खेळाडूला वगळले नाही आणि सामना रद्द झाला.

ड्राफ्टची पद्धत १९४७ पासून सुरू झाली होती. संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे आणि दुबळ्या संघाला आधी संधी द्यायची, हे त्यामागील सूत्र. कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्यामागे वर्णद्वेषाबरोबरच पैशाचेही गणित होते. उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हा हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघात असत. या संघाच्या सामन्यांना होणारी गर्दी हा 'एनबीए'च्या मालकांसाठी उत्पन्नाचा मोठा आधार होता. त्यामुळे ग्लोबट्रॉटर्सचे मालक एब सेपरस्टीन यांना दुखावण्यास कोणी धजावत नव्हते. ब्राऊन यांनी ती जोखीम पत्करली. त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन कॅपिटॉल्सने नवव्या फेरीत अर्ल लॉइड यांना निवडले, तर न्यूयॉर्क निक्सने नॅट क्लिफ्टन यांना करारबद्ध केले. सामन्यांच्या वेळापत्रकामुळे लॉइड ३१ ऑक्टोबर १९५० रोजी, म्हणजे कूपर यांच्या एक दिवस आधी, मैदानात उतरले.

संघात स्थान मिळाले तरी अवहेलना संपली नाही. १९५२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे संघाच्या हॉटेलने कूपर यांना खोली नाकारली. तेव्हा त्यांचे गौरवर्णीय सहकारी बॉब कूझी यांनीही हॉटेलात राहण्याचे टाळले आणि दोघे रात्रीच्या रेल्वेने शहराबाहेर पडले. मैदानावरही कूपर यांच्याकडे प्रामुख्याने बचाव आणि रिबाउंडची जबाबदारी असे. गुण मिळविण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, ही खंत त्यांना कायम राहिली. बॉस्टनमध्ये चार हंगाम काढल्यानंतर ते हॉक्स आणि पुढे फोर्ट वेन पिस्टन्सकडून खेळले. सहा हंगामांत ४०९ सामने आणि सरासरी ६.७ गुण, अशी त्यांची नोंद आहे.

खेळ थांबल्यावर कूपर यांनी मिनेसोटा विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते पिट्सबर्गला परतले. १९७० मध्ये शहराच्या उद्याने व क्रीडा-मनोरंजन विभागाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. पिट्सबर्गच्या नगर प्रशासनातील ते पहिले कृष्णवर्णीय विभागप्रमुख ठरले. ५ फेब्रुवारी १९८४ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये लॉइड यांचा २००३ मध्ये आणि क्लिफ्टन यांचा २०१४ मध्ये समावेश झाला. ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी नाव पुकारल्या गेलेल्या कूपर यांना हा सन्मान तिघांत सर्वांत शेवटी, २०१९ मध्ये, मृत्यूनंतर ३५ वर्षांनी मिळाला. त्यांच्यासाठी सामन्यावर पाणी सोडणाऱ्या ड्युकेन विद्यापीठाच्या २०२१ मध्ये नूतनीकरण झालेल्या क्रीडासंकुलाला आता कूपर यांचेच नाव आहे.