फिलाडेल्फियातल्या आनंदीबाई

मंडळी, डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेतल्या धड्यामुळे ठाऊक असतात. २०१९ साली आलेल्या 'आनंदी गोपाळ' चित्रपटामुळे आपल्या इथल्या मुलांनाही त्या ठाऊक झाल्या. पण त्यांची फिलाडेल्फियातली तीन वर्षे कशी गेली असतील, याचा विचार आपण परदेशात राहणाऱ्यांनी तरी करायला हवा, असे आम्हाला वाटते.

१८६५ साली जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख मनात राहिले आणि डॉक्टर व्हायचे ठरले. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिथल्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते दातांच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना वाचले, आणि तिथून सगळे सुरू झाले. आनंदीबाई पुढे त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा, घरचे कोणीही सोबत नाही. तो उन्हाळा रोझेलला गेला. मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. ज्या शहरात १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्याच शहरात १८५० साली खास स्त्रियांसाठी हे कॉलेज निघाले होते. डीन रेचेल बॉडली यांनी मुलीसारखी काळजी घेतली, शिष्यवृत्तीही मिळाली.

आता रोजचे जगणे बघा. नऊवारीत पोटऱ्या आणि पाठ उघडी राहते, आणि फिलाडेल्फियाची थंडी आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली आहेच. गाऊन घातला असता तर प्रश्न मिटला असता, पण पोशाख बदलायचा नाही हा त्यांचा निश्चय. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, अंग झाकले जाते म्हणून. खोलीतली फायरप्लेस नीट नव्हती. पेटवली की धूर, विझवली की गारठा. जेवण शाकाहारी. आज इंडियन ग्रोसरीत डाळ-तांदूळ, गोडा मसाला सगळे मिळते. तेव्हा काय मिळत असेल? आणि वर अभ्यास, तोही इंग्रजीतून. शिवाय धर्म बदलावा म्हणून आडून आडून आग्रह होत असे, तो वेगळाच.

घरून येणारी पत्रे हा तर मोठा आधार. पण गोपाळरावांच्या पत्रांत प्रोत्साहनाबरोबर टोमणे आणि संशयही असायचे. त्यांच्या जिद्दीशिवाय आनंदीबाई शिकल्याच नसत्या हे खरे, तरी इतक्या दूर एकटीने राहणाऱ्या मुलीला ते वाचताना काय वाटले असेल, हे आम्ही विसरू शकत नाही.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघीही पुढे डॉक्टर झाल्या. हा फोटो मुलांना जरूर दाखवा.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही ठरली. पण तब्येत ढासळत चालली होती. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. त्या बाजूला गेलात तर चौकशी करून जरूर जाऊन या, आणि जमल्यास चार फुले घेऊन जा.