तारणाला मुकलेला कवी? – विल्यम कूपर

देवाने एकदा आपला म्हणून हाती धरलेला माणूस त्या हातातून पुन्हा निसटू शकतो काय? ख्रिस्ती धर्मपंडितांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. रोमन कॅथलिक परंपरा सांगते की, गंभीर पापाने माणूस कृपेला मुकतो; पण पश्चात्ताप करून पापनिवेदन केले की ती कृपा त्याला पुन्हा लाभते. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी 1618-19 मध्ये हॉलंडमधील डॉर्ट येथे धर्मसभा भरवून निर्णय दिला की, देवाने ज्याला निवडले तो अखेरपर्यंत टिकतोच. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाला हे मान्य नव्हते. श्रद्धा सोडणारा तारणही गमावू शकतो, असे तो शिकवी. आधार दोन्ही पक्षांना पवित्र शास्त्रातच सापडतात. योहानाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्त आपली मेंढरे आपल्या हातातून कोणी हिसकावणार नाही अशी ग्वाही देतो, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय कृपेची चव घेऊनही ढळलेल्यांविषयी कडक इशारा देतो.

मित्रहो, हा वाद ग्रंथांत वाचायला सोपा आहे. पण एका माणसाला तो आयुष्यभर सोसावा लागला. तो माणूस म्हणजे अठराव्या शतकातील इंग्रज कवी विल्यम कूपर.

कूपरचा जन्म 1731 साली हर्टफर्डशायरमधील बर्कमस्टेड येथे झाला. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू होते. तो सहा वर्षांचा असताना आई वारली आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरले. वसतिगृहाच्या शाळेत एका दांडगट मुलाने त्याचा अतोनात छळ केला. पुढे तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत गेला. हिंदुस्थानच्या इतिहासात आपल्याला भेटणारा वॉरन हेस्टिंग्ज तेथे त्याचा शाळासोबती होता. त्यानंतर कूपर कायदा शिकला, 1754 मध्ये वकील झाला. परंतु वकिलीत त्याचे मन रमले नाही. थिओडोरा या आपल्या चुलत बहिणीवर त्याचे प्रेम होते. तिच्या वडिलांनी लग्नाला नकार दिला. दोघेही जन्मभर अविवाहित राहिले.

1763 मध्ये एका नातेवाइकाच्या वशिल्याने त्याला उमरावांच्या सभागृहात कारकुनाची चांगली जागा मिळण्याचा योग आला. पण विरोधी गटाने हरकत घेतली आणि सभागृहासमोर उभे राहून परीक्षा द्यावी लागेल असे ठरले. परीक्षेचे भय आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. निकालाच्या आदल्या रात्री पोटात उठणारा गोळा मला चांगला माहीत आहे. कूपरचे भय मात्र याच्या फार पलीकडचे होते. त्यात आणखी एक टोचणी होती. जुना कारकून मेला तर आपली सोय होईल, असे तो पूर्वी सहज बोलून गेला होता आणि तो कारकून खरोखरच वारला होता. त्या मृत्यूचा दोष कूपरने स्वतःच्या माथी घेतला. परीक्षेचा दिवस जवळ येताच त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले. त्यातून तो वाचला, पण त्याचे मन पार ढासळले.

त्याला सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. डॉक्टर प्रेमळ आणि श्रद्धाळू होते. 1764 मध्ये तेथेच एके दिवशी कूपरने बायबल उघडले. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील क्षमेविषयीचा भाग वाचताना, ही क्षमा आपल्यासाठीच आहे अशी त्याची खात्री पटली आणि तो आनंदाने भरून गेला. 1765 मध्ये तो तेथून बाहेर पडला आणि हंटिंग्डन येथे अन्विन कुटुंबाचा पाहुणा म्हणून राहू लागला. 1767 मध्ये मि. अन्विन घोड्यावरून पडून मरण पावले. त्यानंतर मिसेस मेरी अन्विन आणि कूपर ओल्नी या गावी राहावयास गेले.

ओल्नी हे नाव मराठीच्या अभ्यासकांनाही लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1805 साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारा विल्यम केरी पुढे याच गावच्या बॅप्टिस्ट मंडळीचा सभासद झाला व तेथूनच धर्मसेवेला निघाला. कूपर तेथे गेला तो मात्र जॉन न्यूटनच्या ओढीने. न्यूटन एके काळी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता आणि आता गावच्या चर्चचा पाळक होता. दोघांची गाढ मैत्री जमली. दोघांनी मिळून उपासनेसाठी गीते लिहिली. 1779 मध्ये छापलेल्या त्या संग्रहात 348 गीते असून त्यांपैकी साठांहून अधिक कूपरची आहेत.

पण हा संग्रह छापून येण्यापूर्वीच कूपरचे जग अंधारले होते. 1773 च्या प्रारंभी त्याचे मन पुन्हा बिघडले. एका स्वप्नात त्याने स्वतःच्या सर्वनाशाचा निकाल ऐकला. देवाने आपल्याकडे आपल्या प्राणांचे बलिदान मागितले, ते आपल्याला देता आले नाही, म्हणून देवाने आपल्याला कायमचे टाकले, अशी त्याची समजूत झाली. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला, पण सार्वजनिक उपासनेला पुन्हा कधी गेला नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट आहे. निवडलेला माणूस ढळत नाही, हे मत कूपरने सोडले नव्हते. ते सर्वांना लागू आहे, फक्त एकट्या आपल्याला नाही, असे तो मानी! न्यूटनची श्रद्धाही तीच होती. पण त्याच्या मते तारण देवाच्या वचनावर उभे असते, माणसाच्या त्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर नव्हे. सिद्धान्त एकच, एकाला त्यात आधार दिसला आणि दुसऱ्याला शिक्षा.

न्यूटनच्या कडक धर्ममतानेच कूपरला वेड लागले, असे काही टीकाकारांनी लिहिले आहे. मला ते पटत नाही. कूपर पहिल्यांदा कोसळला तो न्यूटनला भेटण्यापूर्वी, श्रद्धेचा अनुभव येण्याही पूर्वी. आजचे डॉक्टर बहुधा त्याला तीव्र नैराश्याचा आजार म्हणतील. आजार आधीचा होता. धर्माने त्याला शब्द पुरवले, एवढेच म्हणता येईल. मात्र ते शब्द फार जड होते, हेही नाकारता येत नाही.

आणि त्याच्या भोवतीची माणसे? त्यांनी त्याचा निकाल मान्य केला नाही. न्यूटनने आजारी कूपरला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. मिसेस अन्विन रात्रंदिवस जपत राहिल्या. मन रमावे म्हणून त्याने तीन ससे पाळले, सुतारकाम केले, बाग फुलवली. 1782 मध्ये लेडी ऑस्टिन या मैत्रिणीने त्याला हसविण्यासाठी एक गोष्ट सांगितली आणि तिच्यातून घोड्यावरून भरकटणाऱ्या जॉन गिल्पिनची विनोदी कविता जन्मली. 1785 मध्ये ‘द टास्क’ हे दीर्घकाव्य आले. 1788 मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने कविता लिहिल्या. त्याच वर्षी न्यूटननेही आपल्या जुन्या धंद्याची भीषणता एका पुस्तिकेत मांडली. स्वतःला देवाने टाकलेला समजणारा हा माणूस इतरांच्या बेड्यांसाठी कळवळत होता!

शेवट मात्र सुखाचा झाला नाही. मिसेस अन्विन पक्षाघाताने खंगल्या आणि 1796 मध्ये नॉरफकमधील ईस्ट डेरम येथे वारल्या. 1799 मध्ये कूपरने ‘द कास्टअवे’ ही कविता लिहिली. जहाजावरून समुद्रात पडलेला खलाशी, त्याला वाचवू न शकणारे सोबती, आणि त्याहूनही खोल पाण्यात बुडालेला कवी स्वतः! 25 एप्रिल 1800 रोजी ईस्ट डेरम येथेच त्याचा मृत्यू झाला. आपले तारण झाले असे त्याने अखेरपर्यंत म्हटले नाही. न्यूटनने त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले तेव्हा मात्र आपला मित्र देवाजवळ पोहोचला आहे याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

तारण गमावता येते की नाही, याचा निर्णय धर्मपंडितांच्या सभांतून अजून एकमताने झालेला नाही. तो मी काय देणार? पण कूपरचे चरित्र वाचून एक गोष्ट मला पटली. पूर्ण खचलेला माणूस स्वतःविषयी जो निकाल देतो, तो अखेरचा मानू नये. कूपरला स्वतःचे तारण दिसत नव्हते, परंतु त्याच्या गीतांनी पुढे असंख्य श्रद्धावंतांना धीर दिला. आपल्या वर्गात, वसतिगृहातही एखादा मित्र, एखादी मैत्रीण आपले सर्व संपले असे म्हणते. तेव्हा तिच्याशी वाद घालत बसू नये. डॉ. कॉटनसारखा जाणता माणूस गाठावा, आणि मिसेस अन्विनसारखे तिच्याजवळ बसून राहावे.