सासरी जा, नाहीतर तुरुंगात!

तुरुंगाचं दार समोर उघडं आहे, पण आत जायचं की नाही हे आपल्याच वागण्यावर ठरणार. आजच्या कोर्टात अशी अट नवीन नाही. काही गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसाला १९५८च्या परिवीक्षा कायद्यानं लगेच शिक्षा न देता, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेऊन सोडता येतं. बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेखही ठेवता येते. अट मोडली की कोर्ट बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. थोडक्यात, अट ही गुन्हेगाराला मिळालेली सवलत असते. पण कुठलाही गुन्हा न केलेल्या एका मुलीपुढे मुंबई हायकोर्टानं तुरुंगाची अट ठेवली होती. ती मुलगी म्हणजे रखमाबाई.

१८६४ साली मुंबईत जन्म. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात त्याला मुभा होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावून दिलं, पण ती माहेरीच राहिली. सावत्र वडील डॉक्टर, घरात पुस्तकं; पोरगी वाचत गेली. नवरा मात्र शिक्षणात मागे पडला आणि मामाच्या घरी राहू लागला. अशा माणसाबरोबर संसार नको, हे तिनं स्वतः ठरवलं. त्या काळी हे ठरवायचं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला आजही करता येते!

१८८४ मध्ये दादाजीनं बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. जो संसार कधी सुरूच झाला नाही तो परत कसा मिळवून द्यायचा, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. गहजब झाला. अपिलात तो निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तेव्हाच्या दिवाणी कायद्यात अशा हुकमासाठी कैदेची तरतूदच होती.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वय बावीस. सावत्र वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. टिळकांसारखा मोठा माणूस आणि त्यांची वर्तमानपत्रं विरोधात. टिळकांबद्दलचा आदर ठेवूनही म्हणते, या बाबतीत त्यांची बाजू मला कधीच पटली नाही. मुलीच्या शिक्षणावर खापर फोडणं तेव्हाही सोपं होतं. रखमाबाईंच्या बाजूनं मात्र मलबारींसारखे सुधारक उभे राहिले. स्वतः तिनंही ‘एक हिंदू स्त्री’ या नावानं इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून बालविवाहानं मुलींचं काय होतं ते मांडलं होतं. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं हक्क सोडला. ती सासरी गेली नाही, तुरुंगातही नाही.

गेली ती लंडनला, डॉक्टर व्हायला. परत येऊन सुरतेला आणि पुढे राजकोटला बायकांच्या दवाखान्यात तिनं वर्षानुवर्षं काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी ती गेली.

आता आमच्या बीडकडचं. ऊसतोडीला आई-बाप कोयता घेऊन निघाले की पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात. पुढे नाही पटलं तर सासरहून वकिलाची नोटीस येते, ‘नांदायला ये’. अशी नोटीस पदरात गुंडाळून आलेल्या बायका मी पाहिल्यात. पहिला प्रश्न एकच असतो : ताई, पोलीस नेतील का हो मला?

नाही नेणार. हा दावा १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून अजून आहे, पण त्यासाठीची कैद १९२३ मध्येच काढून टाकली गेली. हुकूम झाला आणि वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर घटस्फोट मागता येतो. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तेव्हा नोटीस चुलीत घालू नका, तारखेला हजर राहा. नांदायला न जाण्याचं सबळ कारण असेल तर असा हुकूम असूनही पोटगी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. लग्न अठराच्या आत झालं असेल तर वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ते रद्द करून मागता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.