एका भुंगेऱ्याचे उपकार

दिवाळीच्या सुट्टीनंतर होस्टेलवर परत निघाले तेव्हा आजीने बॅगेत दोन डबे कोंबले. एकात लाडू, दुसऱ्यात सुके बोंबील आणि खोबऱ्याच्या वाट्या. लाडवांचं काय झालं ते आमच्या अख्ख्या मजल्याला माहीत आहे! दुसरा डबा मात्र कॉटखालीच राहिला. होस्टेलवर बोंबील भाजायचे म्हणजे रेक्टर मॅडमना आमंत्रणच. मग सबमिशन्स आली, ओरल्स आल्या आणि डबा विसरला गेला. शेवटी एका रविवारी उघडला, तर आत पाहुणे. पाच-सहा मिलिमीटरचे, मोरपंखी निळे चकचकीत, पाय मात्र लाल. रूममेट किंचाळली आणि डबा सरळ खिडकीतून फेकायला निघाली. मी त्यातला एक किडा काडेपेटीत घातला. का घातला ते विचारू नका. सुंदर होता म्हणून असेल.

माझी मामेबहीण झूलॉजीवाली. तिने तो एका नजरेत ओळखला. नेक्रोबिया रूफिपेस, खोबरं आणि सुक्या मासळीचा जुना शत्रू. याच्याच एका सख्ख्या भावाने एका माणसाचा जीव वाचवला होता, असंही तिने सांगितलं. मला वाटलं नेहमीसारखी थापा मारते आहे. म्हणून शोधत गेले आणि पिएर आंद्रे लात्रेय या माणसाला येऊन धडकले. या लेखात त्याचीच गोष्ट आहे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर!)

लात्रेयचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ चा, फ्रान्समधल्या ब्रिव्ह गावचा. बाप मोठा माणूस, बॅरन देस्पान्याक, सैन्यातला बडा अधिकारी. पण आई-बापाचं लग्न झालेलं नव्हतं. बापाने मुलाला आपलं म्हटलं नाही, आणि आईने जन्मतःच सोडून दिलं. आपल्याकडे साधा परीक्षेचा फॉर्म भरायचा तरी पहिला रकाना आडनावाचा, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. या पोराचे दोन रकाने कोरेच. लात्रेय हे आडनाव त्याला कायद्याने मिळालं ते १८१३ साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीला! तोवर तो ते नुसतं वापरत होता.

तरी पोर वाऱ्यावर पडलं नाही. आधी गावातल्या एका डॉक्टरने, मग एका व्यापाऱ्याने त्याला सांभाळलं. १७७८ मध्ये बॅरनच्या घरच्यांनीच त्याला पॅरिसला नेऊन शाळेत घातलं. आपलं म्हणायचं नाही, पण फी भरायची. मला हे वाचून राग आला, आणि थोडं बरंही वाटलं. शिक्षण होतं पाद्री होण्यासाठी. तिथे त्याला रेने जुस्त आऊई भेटला. हा पुढे स्फटिकशास्त्राचा जनक म्हणून गाजला. (मटेरियल सायन्सच्या पेपरात क्रिस्टल स्ट्रक्चरने ज्यांना छळलंय त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.) आऊईच्या संगतीत लात्रेयला निसर्गाचं वेड लागलं आणि रिकाम्या वेळात तो पॅरिसच्या आसपास किडे पकडत हिंडू लागला. १७८० मध्ये तो लिमोजच्या सेमिनरीत गेला आणि १७८६ मध्ये डीकन होऊन बाहेर पडला. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढल्यामुळे डीकन म्हणजे काय ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. पाद्री होण्याच्या अलीकडची पायरी. लात्रेय त्याच पायरीवर थांबला. पाद्री म्हणून काम असं त्याने कधी केलंच नाही, किडेच करत बसला.

मग फ्रान्समध्ये क्रांती झाली. १७९० मध्ये कायदा आला की धर्मगुरूंनी सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायची. लात्रेयने ती घेतली नाही. १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पकडलं. ते दिवस असे होते की गिलोटिनला सुट्टी नव्हती. शपथ न घेतलेला पाद्री म्हणजे जवळजवळ मेलेलाच. अशा अवस्थेत तो बोर्दोच्या तुरुंगात येऊन पडला.

एके दिवशी तुरुंगाचा डॉक्टर कैद्यांना तपासायला आला. बाकीचे कैदी मरणाची वाट पाहत बसलेले, आणि हा एक माणूस जमिनीवर वाकून काहीतरी न्याहाळतोय. डॉक्टरने चौकशी केली. लात्रेयने सांगितलं की हा भुंगेरा आहे, आणि दुर्मीळ आहे. त्या किड्याचं नाव नेक्रोबिया रूफिकोलिस. डोकं निळं, पंखांची मागची बाजू निळी, आणि मधला पट्टा तांबूस, जणू गळ्याभोवती लाल मफलर. माझ्या काडेपेटीतल्या पाहुण्याचे पाय लाल, याची मानेमागची बाजू लाल, एवढाच काय तो फरक.

आता विचार करा, तो डॉक्टर बरं बरं म्हणून पुढच्या कैद्याकडे गेला असता तर? पण त्याला नवल वाटलं. त्याने तो किडा गावातल्या एका किडेवेड्या मुलाकडे पाठवला. त्या मुलाचं नाव बोरी द सँ-व्हँसाँ, वय वर्षं १५! आपण दहावीच्या क्लासला जात होतो त्या वयाचा. या पोराने लात्रेयचं काम वाचलेलं होतं. असा माणूस तुरुंगात आहे हे कळल्यावर तो गप्प बसला नाही. खटपट करून त्याने लात्रेयला आणि त्याच्या कोठडीतल्या आणखी एकाला सोडवून आणलं. मागे राहिलेले बाकीचे कैदी महिन्याभरात मेले. बोरी स्वतः पुढे मोठा निसर्गशास्त्रज्ञ आणि प्रवासी झाला, पण ती गोष्ट वेगळी.

हे वाचल्यावर मला वाटलं, तुरुंगात हा किडा आलाच कुठून? त्याचं उत्तर तितकंसं गोड नाही. नेक्रोबिया हे नाव प्रेत आणि जीवन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून आलंय. हे किडे सुकलेल्या मांसावर, कातड्यावर, हाडांवर सापडतात. मुडदा ताजा असताना माश्या येतात, आणि तो सुकत आला की यांची पाळी. त्यामुळे मृत्यू होऊन किती काळ लोटला याचा अंदाज बांधताना आजचे फॉरेन्सिकवाले अशा किड्यांकडे बघतात. इजिप्तच्या ममींमध्येसुद्धा नेक्रोबिया सापडलेत. तेव्हा त्या तुरुंगात या किड्याला खायला काय होतं याची कल्पना ज्याची त्याने करावी. (मेसमध्ये जेवताना नको.)

पण एवढ्यावरून या कुळाला नावं ठेवू नका, कारण नेक्रोबिया हे त्यातलं वाट चुकलेलं पोर आहे. हे कुळ म्हणजे क्लेरिडी, इंग्रजीत चेकर्ड बीटल्स, चौकडीचे भुंगेरे. जगात यांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. अंगभर केस, मिशांच्या टोकाला गाठ, आणि अनेकांच्या पाठीवर लाल-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी. बहुतेक सगळे शिकारी, अळीही आणि मोठा भुंगेराही. युरोपातला मुंगीसारखा दिसणारा थॅनॅसिमस घ्या. पाइन आणि स्प्रूसची झाडं पोखरणारे जे बार्क बीटल असतात, त्यांना हा धरून धरून खातो. याची मादी सालीच्या फटीत अंडी घालते, आणि अळ्या सालीखालच्या बोगद्यांत शिरून त्यांची पिल्लं फस्त करतात. ते बार्क बीटल एखादं झाड सापडलं की विशिष्ट वास सोडून भाईबंदांना बोलावतात. तोच वास थॅनॅसिमसला कळतो आणि जेवणाच्या वेळेवर हा हजर! ईएनटीसीवाल्यांनो, दुसऱ्याचा सिग्नल मधल्या मध्ये पकडणं हे तुमच्या आधी या किड्याने केलंय. याच कुळातल्या ट्रायकोडेसची अळी मधमाश्यांच्या घरट्यात वाढते आणि त्यांचीच पिल्लं खाते. माझ्या डब्यातले पाहुणेसुद्धा नुसतं खोबरं खात नाहीत, त्यात दुसऱ्या किड्यांच्या अळ्या मिळाल्या तर त्याही सोडत नाहीत. म्हणजे शिकारीची सवय सुटलेली नाही, फक्त कोठारात राहायला लागल्यापासून मिळेल ते चालतं. होस्टेलवर आलेल्या माणसासारखं.

हे सगळे एकाच कुळातले, हे आधी ठरवलं कुणी? लात्रेयनेच.

त्या काळी किड्यांचं वर्गीकरण म्हणजे प्रत्येकाची वेगळी फूटपट्टी होती. लिनियस पंख बघायचा, फाब्रिसियस तोंडाचे अवयव बघायचा. लात्रेयचं म्हणणं पडलं की एकाच अवयवावर कसं ठरवायचं? पंख बघा, तोंड बघा, मिशा बघा, पाय बघा, आणि सगळं मिळून जे खरोखर एकमेकांच्या जवळचे दिसतात त्यांना एकत्र ठेवा. सुटकेनंतर शिकवण्या करत त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि १७९६ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापलं. गंमत म्हणजे त्याला उत्तेजन देणाऱ्यांत फाब्रिसियसही होता. या पुस्तकात लात्रेयने कीटकांची कुळं पाडली, पण त्यांना नावं दिली नाहीत. नुसते नंबर! नावं आली १८०२ पासून. क्लेरिडी हे त्याच वर्षी त्याने मांडलेलं कुळ, आणि दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी त्याच्या नावापुढे लात्रेय, १८०२ असंच लिहितात.

मराठीत फॅमिलीला कूळ म्हणतात हे मला या लेखाच्या निमित्ताने कळलं, आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. ज्याला स्वतःचं कूळ नाही, ज्याचं आडनावसुद्धा अजून कागदावर आलेलं नाही, तो माणूस पॅरिसमध्ये बसून हजारो किड्यांचं कूळ ठरवत होता. कोण कुणाचा, कोण कुणाच्या शेजारी. आणि बापाच्या नावावरून नाही, तर अंगावरच्या खुणांवरून.

या कामात किती डोळे फुटत असतील त्याचा एक नमुना सांगते. भुंगेऱ्यांची विभागणी करताना पावलाची पेरं मोजायची पद्धत होती. पाच पेरांचे एका गटात, चार पेरांचे दुसऱ्या. आता नेक्रोबियाचं पाऊल बघितलं तर पेरं चारच दिसतात. असतात पाच, पण चौथं इतकं बारीक की तिसऱ्यात लपून बसतं. मी मामेबहिणीच्या भिंगातून तीनदा मोजली, तिन्ही वेळा चार आली. याच लपलेल्या पेरामुळे नेक्रोबिया आणि त्याच्या जवळच्यांचं वेगळंच कूळ करावं असंही काही तज्ज्ञांनी म्हटलं. आता बहुतेक जण त्यांना क्लेरिडीमध्येच ठेवतात, फक्त वेगळ्या उपकुळात.

लात्रेयचं पुढचं आयुष्य भराभर सांगते. १७९७ मध्ये त्याला पुन्हा स्थानबद्ध केलं, पुस्तकंही जप्त झाली. या वेळी क्युव्हिए, लासेपेद आणि लामार्क या मोठ्या लोकांनी शब्द टाकला. १७९८ मध्ये पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात नोकरी लागली आणि तिथे तो लामार्कच्या हाताखाली राहिला. मुंग्यांवर पुस्तक, कवचधारी प्राणी आणि कीटकांवर १४ खंड, क्युव्हिएच्या प्रसिद्ध ग्रंथातला कीटकांचा सगळा भाग. १८१० मध्ये प्रत्येक प्रजातीसाठी एकेक नमुन्याची जाती नेमून देण्याची कल्पनाही त्याने वापरली. नाव कशाला लागू आहे यावर भांडण होऊ नये म्हणून आजही तेच करतात. आपल्याकडे लॅबमध्ये स्टँडर्ड वजन असतं ना, तसं. १८१४ मध्ये तो विज्ञान अकादमीचा सदस्य झाला.

प्रोफेसर मात्र झाला नाही. लामार्क म्हातारपणी आंधळा झाला, तेव्हा त्याचं शिकवणं बरंचसं लात्रेयच करायचा. पगार दुय्यम, पद दुय्यम. लामार्क १८२९ च्या डिसेंबरमध्ये वारला, आणि मग त्याच्या खुर्चीचे दोन भाग करून एक लात्रेयला दिला. तेव्हा त्याचं वय ६७. दात होते तेव्हा चणे नव्हते, अशातला प्रकार. त्याच वर्षी, म्हणजे १८३० मध्ये, त्याची बायकोही गेली. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलरा आला तेव्हा त्याने काम सोडलं आणि खेड्यात गेला. नोव्हेंबरमध्ये परत आला, पण ६ फेब्रुवारी १८३३ ला वारला. मूलबाळ नव्हतं. एका भाचीला त्याने दत्तक घेतलं होतं. ज्याचं आडनाव पन्नाशीला कागदावर आलं, त्याने ते पुढे कुणालातरी दिलं, हे मला फार आवडलं.

पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानात त्याच्या थडग्यावर एक दगडी स्तंभ आहे. त्यावर तो भुंगेरा कोरलाय, आणि हाच लात्रेयचा तारणहार अशा अर्थाची ओळ लॅटिनमध्ये आहे. पाच मिलिमीटरच्या, मढ्यावर जगणाऱ्या किड्याचं एवढं मोठं शिल्प मला तरी दुसरं माहीत नाही.

डबा मी घासून घरी परत नेला. आजीला ही सगळी गोष्ट सांगितली, अगदी गिलोटिनसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली की खोबरं मध्ये एकदा उन्हात घालायचं असतं, एवढंही होस्टेलवर शिकवत नाहीत का. काडेपेटी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणाला पेरं मोजायची असतील तर रूमवर या, भिंग मात्र आपलं आपण आणा.