ताऱ्यांच्या मृत्यूचा अभ्यासक : फ्रिट्झ झ्विकी

झ्विकींचा जन्म १८९८ साली बल्गेरियातील वार्ना येथे झाला. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये, कर्मभूमी कॅलिफोर्निया. न्यूट्रॉनचा शोध लागून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच डिसेंबर १९३३ मध्ये त्यांनी व वाल्टर बाडे यांनी मांडले, की अतिनवताऱ्याच्या स्फोटात ताऱ्याचा गाभा कोसळतो व न्यूट्रॉनांचा घट्ट गोळा उरतो. फार थोड्यांनी ते मनावर घेतले. त्यात झ्विकींचा स्वभाव फटकळ! तरी पालोमारच्या दुर्बिणीतून ते चिकाटीने अतिनवतारे हुडकत राहिले, शंभरावर सापडले. अखेर १९६८ साली, त्यांच्या सत्तरीत, क्रॅब तेजोमेघात तसाच गोळा गरगरताना आढळला. १९७४ साली ते वारले. आपल्या श्वासातला बहुतेक प्राणवायू अशाच प्रचंड ताऱ्यांनी घडवून उधळला, हे वाचल्यापासून मला झ्विकी परके वाटत नाहीत.