जेम्स फोर्सिथ

कॅप्टन जेम्स फोर्सिथ (१८३८–१८७१) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, सातपुड्याच्या अरण्यांचे वर्णनकार आणि शिकारी रायफलीच्या गोळी-दारूचे अभ्यासक होते. आघाताने पेटणाऱ्या चापाचे संशोधक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ हे वेगळे.

जीवन

बंगाल स्टाफ कोअरमधील फोर्सिथ यांनी मध्य प्रांतात सेवा केली. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या या प्रांताचा कारभार नागपूरहून चाले. १८६२ मध्ये ते पचमढीच्या पठारावर पोहोचले. तेथील 'बायसन लॉज' त्यांनीच उभारला. पुढे ते निमाडचे जमाबंदी अधिकारी व उपायुक्त झाले.

रायफल व गोळी

त्या काळी रायफल बहुधा ठासणीची असे. दारू मोजून भरणे, शिशाची गोळी ओतणे आणि ती तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळून नळीत ठासणे ही कामे शिकाऱ्यालाच करावी लागत. सैन्यात लांबट गोळीचा प्रसार झाला होता. बॉम्बे आर्टिलरीचे जॉन जेकब यांनी तर सिंधमध्ये २,००० यार्डांपर्यंत नेम धरता येईल अशी रायफल तयार केली. जंगलातील गरज मात्र उलट होती. वाघ किंवा गवा झाडीत जवळच, क्षणभर दिसे. अंतराचा अंदाज चुकला की जनावर जखमी होऊन शिकाऱ्यावर उलटे.

नळीतील आट्यांचा पीळ घट्ट असल्यास जास्त दारूच्या जोराने मऊ शिसे आट्यांवरून घसरते व नेम बिघडतो. दारू कमी केली, तर गोळीचा मार्ग फार वक्र होतो. या पेचावर फोर्सिथ यांनी मंद पिळाचा उपाय सुचविला: सुमारे १०४ इंचांत एकच फेरा, मोठ्या व्यासाची वाटोळी गोळी आणि दारूचे भरपूर प्रमाण. त्यामुळे जवळच्या पल्ल्यात गोळी जवळजवळ सरळ जाई. वाटोळ्या गोळीचा वेग लवकर घटतो, त्यामुळे दूरच्या निशाणासाठी ही रचना निरुपयोगीच होती. १८६३ च्या 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' या ग्रंथात त्यांनी हे विवेचन केले.

मागून भरण्याच्या रायफली व तयार काडतुसे रूढ झाल्यावर ही पद्धत मागे पडली. फोर्सिथ आज अधिक ओळखले जातात ते 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या ग्रंथामुळे. तो त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.