तारदोराचा जनक : विल्हेल्म आल्बर्ट

(प्रतिनिधी)

खराडी : मुळा-मुठेच्या काठावरील खराडी गावाची आयटीनगरी झाली. शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत उंच टॉवर क्रेनही आल्या. या क्रेनचा सारा भार ज्या पोलादी तारदोरावर, अर्थात वायर रोपवर असतो, त्याचा जन्म मात्र जर्मनीतील हार्झ पर्वतामधील खाणीत झाला. त्याचे जनक विल्हेल्म आल्बर्ट हे शिक्षणाने अभियंता नव्हते. ते कायद्याचे अभ्यासक होते.

आल्बर्ट यांचा जन्म २४ जानेवारी १७८७ रोजी हॅनोवर येथे झाला. गॉटिंगेन विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेऊन ते १८०६ मध्ये क्लाउस्थाल येथील खाण प्रशासनात रुजू झाले आणि पुढे तेथील उच्चपदस्थ अधिकारी बनले. त्या काळी खनिज वर काढण्यासाठी हेम्पचे दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरीत. ओलसर खाणीत दोर कुजत, तर साखळीची एक कडी तुटली तरी सारा भार क्षणार्धात खाली कोसळे. कोणतीही पूर्वसूचना न देता येणारा हा मृत्यू आल्बर्ट यांना अस्वस्थ करीत असे.

१८२९ च्या सुमारास त्यांनी साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देणारे यंत्र उभारले. एकदाच दिलेला जो भार लोखंड सहज पेलते, तोच हजारो वेळा दिल्यास ते तुटते, हे त्यातून स्पष्ट झाले. धातूच्या थकव्याचा हा पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो.

यातूनच तारदोराची कल्पना पुढे आली. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांचा एक पेड आणि अशा तीन पेडांचा एक दोर, अशी त्याची रचना होती. २३ जुलै १८३४ रोजी क्लाउस्थालच्या कॅरोलिन खाणीत तो प्रथम वापरला गेला. एक तार तुटली तरी तिचा भार इतर तारा वाटून घेत. तुटलेली तार डोळ्यांना दिसे आणि संकटाची सूचना वेळीच मिळे. आल्बर्ट यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. उलट तो प्रसिद्ध करून सर्वांसाठी खुला केला. ४ जुलै १८४६ रोजी क्लाउस्थाल येथेच त्यांचे निधन झाले.

आजच्या दोरात तारांची संख्या कितीतरी अधिक असते, पण त्याची झीज होण्याची कारणे फारशी बदललेली नाहीत. पुलीवरून दोर वाकतो आणि सरळ होतो, त्या प्रत्येक वेळी तारा थकतात. पुली लहान असेल तर हा थकवा लवकर येतो. पुलीची खाच अरुंद असेल तर दोर चेपतो, रुंद असेल तर चपटा होतो. ड्रमवर वेटोळी एकमेकांवर चढली की तारा चिरडल्या जातात. वंगण संपले की दोर आतून गंजू लागतो. बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो. वजन तिरके ओढणे आणि हिसका देऊन उचलणे हेही तितकेच घातक ठरते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी रोज दोर नजरेखालून घालावा. ठरावीक काळाने कॅलिपरने त्याचा व्यास मोजावा आणि तुटलेल्या तारा मोजून नोंदवहीत लिहाव्यात. पुलीच्या खाचा गेजने तपासाव्यात, वंगण वेळेवर द्यावे. दोराचे एक पेड तुटले, तो पिळला गेला, त्याला गाठ पडली किंवा व्यास मर्यादेपेक्षा घटला, तर तो तत्काळ बाद करावा. दोर अजून चालतोय, हे तो ठेवून घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

साखळी न सांगता तुटते, तारदोर मात्र आधी सांगतो. हीच आल्बर्ट यांची खरी देणगी आहे. मात्र ती सूचना वाचणारी नजर कामाच्या ठिकाणी हवी; अन्यथा दोराखाली उभ्या असलेल्या कामगाराला त्या देणगीचा काहीही उपयोग नाही.